अडीच फुटांवर सापडलेलं भाल्याचं पातं

खोटं कसं ओळखावं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. विमा कंपनीत सव्वीस वर्षं मी लोकांचे दावे तपासतोय. ज्याचं दुकान खरंच जळलेलं असतं तो समोर बसून नुसतं "गेलं हो सगळं" एवढंच म्हणतो. ज्याने स्वतः काडी लावलेली असते त्याला मात्र आग किती वाजून किती मिनिटांनी लागली, वारा कुठून होता, शेजारचं कुत्रं किती वेळा भुंकलं, सगळं पाठ असतं. तपशील फार यायला लागले की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि तरीही बावीस सभासदांच्या समोर माझ्या तोंडून "अडीच फुटांवर" हे शब्द गेले. नुसतं "जमिनीत" म्हणालो असतो तर कदाचित निभावून गेलं असतं.

सभासद म्हणजे जुनी नाणी आणि शस्त्रं जमवणाऱ्यांच्या आमच्या मंडळाचे. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी आम्ही वाचनालयाच्या माडीवर जमतो. वस्तू दाखवायची आमच्यात एक रीत आहे. टेबलावर निळं कापड अंथरतात. ज्याची पाळी असेल त्याने वस्तू कापडावर ठेवायची आणि तीन गोष्टी सांगायच्या: हे काय आहे, किती जुनं आहे, आणि हाताला कसं लागलं. मग ती वस्तू हातोहात फिरते. टाळ्या नाहीत, वाहवा नाही. वस्तू फिरून परत यायला जितका वेळ लागेल तीच दाद. पहिल्या दोन गोष्टी खरं तर कुणी ऐकत नाही, सगळ्यांचा जीव तिसरीत असतो. आमचे अध्यक्ष पूर्वी दातांचे डॉक्टर होते. अजूनही ते नाणं चिमट्यात असं धरतात की नाण्यालाच कळ लागेल. त्यांना त्यांचं एक तांब्याचं नाणं मामाचं घर पाडताना चुलीखाली मिळालं. ते फिरून यायला पंचवीस मिनिटं लागतात, आणि ते आम्ही सगळ्यांनी निदान सहा वेळा पाहिलंय.

माझी नाणी अर्ध्या मिनिटात परत येत. कारण माझं तिसरं उत्तर ठरलेलं: "विकत घेतलं." आमच्यात हे दोन शब्द दुखणं सांगावं तसे हळू आवाजात सांगतात. नऊ वर्षं मी अर्ध्या मिनिटाचा माणूस होतो. ऐकणाऱ्याला यात काही वाटणार नाही. पण दर वेळी आपली वस्तू चटचट हात बदलत आपल्याकडे येताना बघणं, आणि शेवटच्या माणसाने ती न बघताच पुढे सरकवणं, हे सोसायला काळीज लागतं.

त्या दिवसांत घरी बाथरूमचं काम निघालं होतं. आमचं घर छोटं, दुमजली, आणि बाथरूम-संडास दोन्ही वर. आई एकोणऐंशीची, गुडघे पार गेलेले. तिचं बस्तान खालच्या खोलीत, पण दिवसातून चार-पाच वेळा जिना काही चुकत नव्हता. चढताना कठड्याला लोंबकळत चढायची आणि उतरताना पायरीवर बसून एकेक पायरी घसरत यायची. दोन महिन्यांपूर्वी तिचा तोल गेला आणि मनगट सुजलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "या वेळी मनगटावर भागलं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी खुबा मोडेल. या वयात खुबा मोडला की माणूस परत उभा राहत नाही. जिना बंद करा." म्हणून मागच्या अंगणात, आईच्या खोलीला लागून बाथरूम बांधायचं ठरलं. गवंडी आला, दोऱ्या बांधल्या, पाया खणायला सुरुवात झाली.

बाथरूमच्या खिडकीला जुनी जाळी मिळते का बघायला मी भंगारवाल्याकडे गेलो आणि तिथे, सायकलच्या चाकांखाली, मला ते पातं दिसलं. वीतभर लांब, हिरवं पडलेलं, मधून एक उभी शीर, आणि खाली दांडा बसवायची पोकळ नळी. भाल्याचं पातं. भंगारवाल्याने ते जाळीबरोबर वजनावर दिलं. घरी आल्यावर बायकोने जाळी बघितली, पातं बघितलं, आणि म्हणाली, "अहो, जाळी दोन इंच लहान आहे." पात्याबद्दल ती काही बोलली नाही. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालीत.

पुढचा रविवार माझ्या पाळीचा. निळ्या कापडावर पातं ठेवलं. काय आहे ते सांगितलं, किती जुनं असावं ते सांगितलं. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणि हाताला कसं लागलं?" सकाळीच मी गवंड्याला माती उपसायला हात लावला होता, नखांत अजून माती होती. मी त्या नखांकडे बघितलं आणि म्हणालो, "घरी. मागच्या अंगणात. बाथरूमचा पाया खणताना. अडीच फुटांवर, टोक पूर्वेकडे करून."

टोक पूर्वेकडे! हे कुठून आलं ते मला आजही सांगता येणार नाही.

पातं पहिल्या हातात गेलं आणि तिथेच राहिलं. मग दुसऱ्या. एकाने ते गालाला लावलं. एकाने डोळे मिटले. अठ्ठावीस मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बसलो होतो. अध्यक्षांनी डोळे पुसले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं हे मला माहीत होतं, पण मी ते भावनेच्याच खात्यात धरलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी घरी तरंगत आलो.

अध्यक्षांनी ही हकिकत मंडळाच्या पत्रकात छापली. सोबत माझ्या अंगणाचा नकाशा, पात्याच्या जागी फुली, आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण. पत्रकाच्या साठ प्रती निघतात. त्यातल्या पन्नास कुणी उघडत नाही. एक मात्र पुरातत्त्व खात्याकडे जाते, आणि तिथे ती उघडतात.

दहाव्या दिवशी नोटीस आली. जमिनीखाली मिळालेली पुरातन वस्तू सरकारजमा करावी, आणि ज्या जागी ती मिळाली तिथलं सर्व काम चौकशी होईपर्यंत थांबवावं. नोटिशीमागोमाग खात्याच्या मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, गंभीर, कानावर पेन्सिल. बरोबर दोन माणसं, खुंट्या आणि दोरीचं भेंडोळं. त्यांनी अंगणाचे चौकोन पाडले. आईच्या बाथरूमच्या खड्ड्याला "खड्डा क्रमांक एक" अशी पाटी लागली. कपडे वाळत घालायची तार सुटली. मॅडमनी पातं भिंगातून कितीतरी वेळ पाहिलं, कापसात गुंडाळलं, पावती दिली आणि विचारलं, "टोक पूर्वेकडेच होतं ना?"

"हो," मी म्हणालो. गवंडी माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"चौकशीला किती दिवस लागतील?"

"माणसं कमी आहेत आमच्याकडे," मॅडम म्हणाल्या. "पावसाळ्यानंतर खणू. वर्ष धरून चाला."

गवंड्याने थापी धुतली आणि दुसरं काम धरलं. संध्याकाळी आईने खिडकीतून त्या खुंट्या पाहिल्या. "सरकारला काय हवंय रे आपल्या बाथरूमचं?" तिने विचारलं. मी म्हणालो, तांत्रिक आहे. "बरं," ती म्हणाली आणि कठडा धरून जिना चढायला लागली.

शेजारी एक निवृत्त मोजणीदार राहतात. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आता दुसऱ्यांच्या अडचणी मोजतात. त्यांनी कुंपणावर कोपर टेकून सल्ला दिला, "सांगा, आजोबांच्या काळापासून घरातच होतं. वारसा. वारशाला हात लावत नाहीत."

"पण मी जमिनीत सापडलं असं छापून आणलंय."

"मग सांगा, आजोबांनी पुरलं होतं."

"हे घर आम्ही विकत घेतलंय हो. आजोबांनी हे गावसुद्धा पाहिलं नव्हतं."

त्यांनी बराच विचार केला. "आजोबांचं जाऊ द्या," ते म्हणाले. "खड्ड्याच्या हद्दीबद्दल वाद घालू. हद्दीचा वाद मी तुम्हाला बारा वर्षं चालवून देतो." बारा वर्षांनी आई एक्क्याण्णव वर्षांची होईल, असं मी म्हणालो. ते जरा नाराज झाले. माणसाने मनापासून काही देऊ करावं आणि समोरच्याने हिशेब काढावा, हे कुणालाच आवडत नाही.

अध्यक्षांकडे गेलो. अर्धं खरं सांगून बघावं असं मनात होतं. ते म्हणाले, "काळजी करू नका. मी साक्ष देतो. सभेत तुम्ही पातं ठेवलंत तेव्हा त्याला ओली माती होती, मी स्वतः पाहिली." मी म्हणालो, नव्हती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही भारावला होतात. तुमच्या लक्षात नाही." मंडळातल्या दोघांना तर ती माती पिवळसर होती हेही आठवत होतं. माझ्या खोट्याला आता माझी गरज राहिली नव्हती.

एका सकाळी कामावर निघताना पाहिलं तर आई जिन्यात मधल्या पायरीवर बसलेली. टॉवेल मांडीवर, डोळे मिटलेले, हात कठड्याच्या दांडीला गच्च. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही, वाऱ्याला बसलेय जरा." आमच्या जिन्यात वारा येत नाही. मला माझी लाज वाटली. मी त्याच दिवशी अर्धी रजा टाकली आणि खात्याच्या कचेरीत गेलो.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिच्यात जुन्या फायली रचलेल्या होत्या. मी मॅडमपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. भंगारवाला, जाळी, नखातली माती, सगळं. सांगताना घाम फुटला होता. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, उठून कपाट उघडलं आणि एक जाडजूड फाईल माझ्यापुढे ठेवली.

"नोटीस गेली की सगळे हेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "सापडलं नाही, विकत घेतलं. सतरा जबाब आहेत यात. काम अडलं की लोकांना भंगारवाला आठवतो."

"पण मी खरं सांगतोय."

"तेही सगळे म्हणतात. आणि एक सांगू? तुमच्या गोष्टीत तपशील फार आहेत."

सव्वीस वर्षं मी हे वाक्य टेबलाच्या पलीकडून बोललो होतो. अलीकडून ते इतकं लागतं याची मला कल्पना नव्हती.

विकणाऱ्याचा लेखी जबाब आणला तर विचार करू, असं त्या म्हणाल्या. भंगारवाल्याने माझं स्वागत केलं, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. पात्याचा विषय काढला तसा तो म्हणाला, "साहेब, मी तुम्हाला ओळखत नाही."

"अहो, चहा पाजताय मला!"

"अनोळखी माणसालाही चहा पाजतो मी." मग खालच्या आवाजात म्हणाला, "जमिनीतला माल विकला म्हणून मलाच आत टाकतील. लेकरंबाळं आहेत. जाळी लहान झाली असेल तर बदलून देतो, पण ते दुसरं कुठून आलं, कुणी टाकलं, मला खरंच माहीत नाही. चाकांखाली होतं, एवढंच." चहा घेऊन मी परत आलो. दुसरं काय करणार?

त्या रात्री जेवताना मी आईला आणि बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि ताटाकडे बघत राहिली. आई घास हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे त्या माडीवरच्या लोकांनी तुझं पातं जरा जास्त वेळ हातात धरावं म्हणून?" तिने विचारलं.

"हो."

"किती वेळ धरलं?"

"अठ्ठावीस मिनिटं."

तिने घास खाल्ला, पाणी प्यायली. "उद्या मला त्या कचेरीत घेऊन चल," ती म्हणाली.

मी म्हणालो, तिसरा मजला आहे. बायको म्हणाली, मॅडमना घरी बोलावू. आई कुणाचं ऐकणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी रिक्षातून उतरून ती तो जिना चढली. माझा हात झिडकारून, कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर थांबून. पाऊण तास लागला. शिपायाने दुसऱ्या मजल्यावर तिला पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी भिंतीवरची अग्निशमनाची सूचना दोनदा वाचली.

मॅडम उठून उभ्या राहिल्या, आईला खुर्ची दिली. आई दम खात बसली. मग म्हणाली, "लिहून घ्या. हा माझा मुलगा. हा खोटं बोलतो."

"आजी, सावकाश."

"सावकाशच बोलतेय. त्या अंगणात काही सापडलेलं नाही. एकतीस वर्षं झाली ते घर घेऊन. तारेचे खांब मी पुरलेत, झाडांची आळी मी केलीत, गटार तुंबलं तेव्हा कमरेइतका चर मी आणि ह्याच्या वडिलांनी खणला. दगड निघाले आणि एकदा एक बूट. असतं काही तर मला मिळालं असतं. हे बाथरूमचं काम निघेपर्यंत ह्याने त्या मातीला कधी हात लावला नाही, अंगावर पुरळ उठतं म्हणायचा. तेही खोटं."

मॅडम पेन्सिल चालवत होत्या. "आजी, राग मानू नका. पण मुलाला वाचवायला आया खूप काही सांगतात."

"मुलाला वाचवायला आलेली आई त्याला खोटारडा म्हणून लिहून देते होय?" आई म्हणाली. "आणि ह्याला कशाला वाचवू? ह्याचं काय अडलंय? ह्याचे पाय धड आहेत. अडलंय माझं. मी रोज सकाळी जिन्याखाली उभी राहते आणि मला भीती वाटते. घाण वाटते मला माझी, की एवढ्याशा गोष्टीसाठी मी दुपारचं पाणी पिणं सोडलंय. ते लिहा."

दुपारी पाणी पीत नव्हती हे मला माहीत नव्हतं. बायकोलाही नव्हतं. शिपाई दाराशी आला होता, तो तसाच उभा राहिला.

मॅडमनी पेन्सिल ठेवली आणि पेन घेतलं. जबाब स्वच्छ अक्षरात लिहिला आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. "माझा मुलगा, वय वर्षे त्रेपन्न, हा वाहवा मिळावी म्हणून खोटे बोलला आहे, असे मी त्याची आई या नात्याने खात्रीपूर्वक सांगते." आईने सही केली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी केली. एक प्रत मंडळाला जाणार होती, तीही माझ्याच हाती दिली. काम सुरू करायच्या परवानगीवर शिक्का बसला.

निघताना मी विचारलं, "मॅडम, आणि ते पातं? बनावट आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "खरं आहे. फार जुनं आहे. म्हणून तर वर्षभर थांबायला तयार होते मी." त्यांनी कपाटातून ती कापसाची गुंडाळी काढून दाखवली, पण माझ्या हातात दिली नाही. "आसपास कुठेतरी कुणाचं तरी मोठं काहीतरी पुरलेलं आहे. हे तिथून निघालं. कुठून, ते आता कधीच कळणार नाही. तुमच्या अंगणाचं खोटं निघालं, आणि भंगारवाला बोलणार नाही. वस्तू आहे, पण तिची जागा गेली." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकलेल्या दिसत होत्या. नऊ वर्षं मी स्वतःला संग्राहक म्हणवत होतो, आणि आयुष्यात एकदाच खरी वस्तू हाताला लागली तर मी तिचं हे केलं.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यापर्यंत आई आली आणि तिथे तिचा गुडघा अडकला. पुढेही होईना, मागेही होईना. शिपाई खुर्ची बघायला गेला. आई म्हणाली, "राहू दे, मी बसत बसत उतरते."

"आई, इथे? लोक बघतील."

"बघू देत," ती म्हणाली. "घरी दोन वर्षं उतरतेय तशी, तेव्हा कोण बघत होतं?"

मी खाली वाकलो आणि तिला पाठीवर घेतलं. माझी कंबर चांगली नाही, हे तिलाही माहीत आहे. ती नको नको म्हणाली आणि मग गळ्याभोवती हात टाकले. तिचं वजन फार कमी झालं होतं. कानाशी तिचा श्वास लागत होता. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी भिंतीला टेकलो.

"किती राहिल्या रे?" तिने विचारलं.

मी खाली पाहिलं. "चार-पाच," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. मी उतरायला लागलो आणि ती माझ्या कानात मोठ्याने मोजायला लागली. पाच झाल्या. ती थांबली नाही, मीही थांबलो नाही. सहा, सात, आठ. बाराला तिचा आवाज थरथरला, तो हसण्याने होता की रडण्याने ते मला मागे वळून बघता येत नव्हतं. एकोणिसाव्या पायरीला जमीन लागली.